तिसऱ्या मजल्यावरचा रेनकोट

व्हाइटफील्ड, ३ नोव्हेंबर

सिद्धी,

१. रविवार, २१ सप्टेंबर. शूटिंगचा तिसरा दिवस. जागा बेंगळुरात, येलहंकाच्या पुढची अर्धवट इमारत. चार मजले, बांधकाम वर्षभर बंद.

२. हजर माणसं सहा. दिग्दर्शन आणि कॅमेरा तू. आवाज मी. नायिका सुचेता आणि महानंदा. बाकीचं सगळं नंदू. शिवाय इमारतीचा वॉचमन यल्लाप्पा.

३. दुपारी ४.५० ला शॉट ३१. अंगणात दोघी नायिका भांडतात. मागे तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत पिवळा रेनकोट आणि हेल्मेट घातलेला खुनी येऊन उभा राहतो.

४. रेनकोट, हेल्मेट आणि रेनकोटच्या खिशातला वॉकीटॉकी वरच ठेवलेला असे. जो मोकळा असेल त्याने चढून जायचं आणि खुनी व्हायचं. कोणत्या शॉटला कोण खुनी झालं, हे आपण कधीच लिहून ठेवलं नाही.

५. तू वॉकीवर म्हणालीस, "काच खाली घे." हेल्मेटची काच खाली आली. तू म्हणालीस, "हात वर." हात वर गेला. वॉकीवर उत्तर आलं, "सरी." कन्नडमध्ये, ठीक आहे.

६. ४.५३ ला कट. तू म्हणालीस, आतापर्यंतचा सगळ्यात चांगला शॉट.

७. त्या वेळी आपल्यापैकी वर कोणीही नव्हतं.

तुला माहीत असलेल्या गोष्टीही लिहिल्या आहेत, कारण हे पत्र पुढे तिसऱ्या माणसाला दाखवावं लागू शकतं. आणि पत्र अशासाठी, की बाकी सगळीकडे तू मला ब्लॉक केलं आहेस.

सातवा मुद्दा मला परवा कळला. ऑफिसातून आल्यावर मी रोज दोन तास पिक्चरच्या आवाजाचं काम करते. तू पुण्याला निघून गेलीस म्हणून काम थांबवायचं, असं आपलं ठरलं नव्हतं. शॉट ३१ मध्ये रेनकोटची सळसळ घालायची होती. ती माणसागणिक वेगळी असते. नंदू पाय ओढतो, महानंदा उड्या मारत चालते. म्हणून मी सगळ्यांना विचारलं, त्या दिवशी आत कोण होतं?

नंदू म्हणाला, "मी कुठला? मी डिझेलला गेलो होतो. कॅनमध्ये देत नाहीत म्हणून तुलाच नाही का फोन केला?" केला होता. माझ्या फोनमध्ये नोंद आहे, ४.४६. पंप सहा किलोमीटरवर आहे.

सुचेता आणि महानंदा चौकटीतच आहेत. तू कॅमेऱ्यामागे होतीस, मी तुझ्या डावीकडे चार फुटांवर. यल्लाप्पा आपल्या पाठीमागे वाळूच्या ढिगावर बसून बघत होता. शॉटच्या मध्येच तो खोकला आहे.

मला वाटलं होतं, नंदू परत आला. तुलाही तेच वाटलं असणार. सुचेताला वाटलं, तू कोणीतरी नवीन माणूस बोलावलास. महानंदा म्हणाली, "मला वाटलं यल्लाप्पालाच चढवलंय वर. फुकटचा माणूस दिसला की सिद्धी सोडते होय?" यल्लाप्पा तिच्या समोर बसला होता, पण भांडणाच्या शॉटमध्ये ती सुचेताशिवाय कुठे बघत नाही. नटी चांगली आहे.

तो शॉट मी बावीस वेळा पाहिला. तू जाताना दिलेल्या हलक्या कॉपीत ती आकृती नखाएवढी दिसते. खुन्याने दोघींकडे बघायचं असं तुझ्या कागदावर होतं. हेल्मेट त्यांच्याकडे वळलेलं नाही. ते आपल्या डोक्यावरून मागे, वाळूच्या ढिगाकडे वळलेलं आहे.

आत कोण होतं हे तुला माहीत असेल तर कळव.

अश्लेषा


व्हाइटफील्ड, ८ नोव्हेंबर

सिद्धी,

पत्र गुरुवारी पोचलं. पोस्टाच्या साइटवर सही दिसते, ती तुझीच आहे. सुचेताकडून तुझा निरोपही मिळाला: "तिला सांग, भुताची गोष्ट रचून मी परत यायची नाही."

मी गोष्ट रचत नाही. मला रचता येत नाही, हे तूच चारचौघांत सांगायचीस. गोष्ट तुझी होती. कोरमंगलाच्या तुझ्या पीजीत आपण एका लॅपटॉपवर असले स्वस्तातले पिक्चर लावायचो, आणि शिल्लक कोण राहतं याचा मी तक्ता करायचे. एकमेकींवर प्रेम करणाऱ्या दोघी ज्यांत होत्या असे चौतीस पिक्चर. एकोणतीसांत दोघींपैकी एक तरी मेली. अकरांत पहिला बळी त्यांच्यातलाच. दोन पिक्चरमध्ये खुनी त्यांच्यातलीच एक निघाली. दोघी शेवटपर्यंत जिवंत राहिल्या असे तीन. तू तक्ता बघितलास आणि म्हणालीस, "चौथा आपण करू. बाकी कोणालाही मारू, पण या दोघी स्वतःच्या पायांनी गेटबाहेर पडतील." बिटाचा रस आणि नाचणीचं पीठ कालवून रक्त केलं. रात्रीचे दिवे परवडत नव्हते, म्हणून सगळं उन्हात शूट केलं आणि नंतर काळं करायचं ठरवलं.

काळं केल्यावर शॉट ३१ मध्ये रेनकोटचा पिवळा रंग तेवढा उरतो.

आता "सरी"बद्दल. एक वॉकी मी वायरने रेकॉर्डरला जोडून ठेवलेला असायचा, हे तुला ठाऊक आहे. म्हणून तो शब्द स्वच्छ मिळाला. त्या वेळी एवढ्याशा शब्दाकडे कोणी लक्ष दिलं नाही, पण तो बाईचा आवाज आहे. वय तिशीच्या आत. दम लागलेला आहे, जिना चढून आल्यासारखा.

हा आवाज मी आधी ऐकला होता. कुठे, हे शोधायला दोन दिवस लागले.

पहिल्या रविवारी, ७ सप्टेंबरला, आपण पोचलो तेव्हा यल्लाप्पाच्या बायकोने चहा केला होता. गंगव्वा. स्टोव्हचा आवाज कधीतरी लागेल म्हणून मी माइक धरला, आणि ती मध्ये मध्ये बोलत राहिली. सीमेवरच्या इंडी तालुक्यातली आहे, म्हणून मराठीही येत होती. ते रेकॉर्डिंग असं आहे:

"अक्का, ही काठी कशाला धरलीय?"

"आवाज पकडते."

"अय्य! आवाज काय कोंबडी आहे काय, पळून जायला?"

तू मागून हसतेस. मग ती विचारते, "पिक्चरात काय आहे?" तू सांगतेस, एक माणूस लोकांना मारत सुटतो. ती विचारते, "आणि ह्या दोघी?" तू म्हणतेस, "वाचतात." ती म्हणते, "दोघी? खरंच? कशा?" तू म्हणतेस, "खुनी मेलाय असं वाटतं. मग एक त्याचाच रेनकोट घालते, आणि दुसरीला घेऊन सगळ्यांच्या देखत निघून जाते. तोंड दिसत नाही ना." चहा गाळल्याचा आवाज येतो. मग सुचेता साखर मागते आणि ती म्हणते, "सरी."

दोन्ही "सरी" मी एकाखाली एक लावून पाहिले. माझं दिवसभराचं कामच आवाज तपासण्याचं आहे, म्हणून जपून लिहिते: शंभर टक्के नाही, पण दुसरं कोणी असेल असं मला वाटत नाही.

दुसऱ्या रविवारी चहा नव्हता. आपण विचारलं तेव्हा यल्लाप्पा म्हणाला, "माहेरी पाठवली." तू म्हणालीस, "अरेरे, आता चहाचं काय?"

म्हणजे माहेरी पाठवलेली बाई तिसऱ्या रविवारी तिसऱ्या मजल्यावर होती. नवऱ्यासमोर उघड्यावर उभी होती. आणि तो तिच्याकडे बघत असूनही त्याला ती दिसली नाही.

अश्लेषा


व्हाइटफील्ड, १५ नोव्हेंबर

सिद्धी,

आधीच्या दोन पत्रांत मी एक गोष्ट लिहिली नाही.

प्रत्येक जागी मी एक मिनिट नुसती शांतता रेकॉर्ड करते. सगळ्यांनी जिथल्या तिथे थांबायचं, बोलायचं नाही. तुकडे जोडताना मध्ये जी भोकं पडतात, ती या शांततेने भरायची. आम्ही त्याला टोन म्हणतो. तुला त्याचा कंटाळा यायचा. "सुतक झालं का तुझं?" असं विचारायचीस.

त्या दिवशी सकाळीच आपलं बिनसलं होतं. श्रेयनामावलीत माझं नाव नको असं मी म्हणाले होते, आणि तू माझ्याशी फक्त कामापुरतं बोलत होतीस. कट झाल्यावर टोन घ्यायचा होता, पण वाऱ्याने वरच्या मजल्यांवरची प्लायवूडची दारं आपटत होती. मी यल्लाप्पाला कन्नडमध्ये म्हणाले, "अण्णा, वर जाऊन सगळी दारं लावून घ्या. एकही वाजता कामा नये."

तो वर गेला. दारं एकेक करून थांबली. तो खाली येण्याची वाट न बघता मी हात वर केला आणि टोन सुरू केला. ४.५८.

वॉकीची जी वायर माझ्या रेकॉर्डरला होती, तिच्यावर त्या मिनिटात हे आहे:

नवव्या सेकंदाला वॉकीचं बटण दाबल्याचा टक् आवाज.

अकराव्या सेकंदाला लोखंडी कडी सरकते.

चौदा ते वीस, चपला जिना उतरतात. हळूहळू लांब जातात.

एकविसाव्या सेकंदाला बाई कुजबुजते, "अक्का, होगब्याड्री."

सव्विसाव्या सेकंदाला बटण सुटतं.

तुला कन्नड येत नाही. याचा अर्थ, अक्का, जाऊ नका.

टोनसाठी तुझा वॉकी बंद होता, त्यामुळे हे फक्त माझ्या हेडफोनमध्ये होतं, आणि मी ते त्याच वेळी ऐकलं. मला कळलंही. बेळगावात आमच्या शेजारी सगळे असंच बोलतात. मला वाटलं, महानंदा मस्करी करते आहे. ती धारवाडची, तिची बोलीही अशीच. सकाळपासून ती वॉकीवर सगळ्यांना घाबरवत होती, आणि त्या मिनिटाला ती गाडीमागे कपडे बदलत होती, मला दिसत नव्हती. मला राग आला. मी टोन थांबवला आणि वहीत लिहिलं. वही समोर आहे, तसंच उतरवते: "टोन १, मध्ये बोलणं, रद्द. टोन २, चांगला."

टोन २ मध्ये काही नाही. म्हणून तो चांगला.

महानंदाच्या कॉलरचा माइक काढायचा राहिला होता. काल मी तिचा ट्रॅक पहिल्यांदा उघडला. एकविसाव्या सेकंदाला ती गाणं गुणगुणत चेन लावते आहे. हे तपासायला मला दोन मिनिटं लागली. मी ती आठ आठवड्यांनी काढली.

गंगव्वा त्या कडीमागून आधी बाहेर कशी आली होती, आणि ओरडली का नाही, हे मला माहीत नाही. यल्लाप्पा आपल्यापासून सहा फुटांवर बसला होता, एवढं माहीत आहे. मला वाटतं, रेनकोट घालून ती आपल्यातली एक म्हणून आपल्याबरोबर गाडीत बसणार होती. तू पहिल्या रविवारी सांगितलंस तसं. आणि दारं लावायला मी तिच्या नवऱ्याला वर पाठवलं.

त्या संध्याकाळी रेनकोट, हेल्मेट आणि वॉकी हरवले म्हणून तू नंदूला बोललीस. यल्लाप्पा आपल्याबरोबर टॉर्च घेऊन शोधत होता. चौथ्या रविवारी तो म्हणाला, जिन्याचं सिमेंट ओलं आहे, वर जाऊ नका. वर्षभर काम बंद असलेल्या इमारतीत जिन्याचं सिमेंट ओलं कसं, हे आपल्या पाच जणांतल्या एकालाही सुचलं नाही. आपण नवा रेनकोट आणला होता. अंगणातच सगळं उरकलं.

अश्लेषा


व्हाइटफील्ड, २२ नोव्हेंबर

सिद्धी,

गेल्या रविवारी महानंदाला घेऊन मी तिथे गेले. वॉचमन नवा आहे. यल्लाप्पा २९ सप्टेंबरला काम सोडून गेला, म्हणजे आपलं शूटिंग संपल्याच्या दुसऱ्या दिवशी. कुठे, ते त्याला माहीत नाही.

तिसऱ्या मजल्यावर पाच दारं आहेत. चार तारेने बांधलेली. पाचव्याला बाहेरून कडी आहे, नवी, स्क्रू अजून चकाकतात. मी ती सरकवली. रेकॉर्डिंगमधला आवाज हाच.

खोलीत कोणी नव्हतं. एक चटई होती. पाइपातून रंगाच्या रिकाम्या डब्यात पाणी ठिबकत होतं. कोपऱ्यात रेनकोट होता, चारपदरी घडी केलेला. त्यावर हेल्मेट, हेल्मेटमध्ये वॉकी. कोणाची वस्तू परत करायची असली की आपण जशी तयार ठेवतो, तसं ते ठेवलं होतं. महानंदा खोलीत आली नाही. दारातूनच म्हणाली, "अश्लेषा, बाहेर ये. तू आत असलीस की मला ते दार लागेलसं वाटतंय."

मी एक मिनिट टोन घेतला. ठिबक सव्वा सेकंदाला एक. कुजबुजीच्या मागेही ठिबक आहे, सव्वा सेकंदाला एक.

२८ सप्टेंबरला आपण खाली पॅकअपच्या टाळ्या वाजवल्या, तेव्हा ती तिथे होती की नव्हती, मला सांगता येत नाही. त्या दिवशीचा टोन मी चाळीस वेळा ऐकला. त्यात काही नाही. आता मला त्या "काही नाही"चीच भीती वाटते.

चहाच्या रेकॉर्डिंगमध्ये तिने गावाचं नाव घेतलं आहे, आणि भाऊ शाळेची बस चालवतो असंही. पंचायतीत फोन करून मी त्याचा नंबर मिळवला. नाव हरी. तो म्हणाला, "पंचमीला आली होती, चार दिवस राहिली. त्यानंतर नाही. दाजी म्हणतात, फोन बिघडलाय." मी विचारलं, दाजी कुठून बोलतात? तो म्हणाला, "बेंगळुरातूनच. रोज म्हणतात, ती कामावर गेलीय."

यल्लाप्पा नव्या नंबरवरून बोलतो. म्हणजे तो आहे. ती आहे की नाही, हे विचारायला कोणीतरी पाहिजे.

मी पोलीस ठाण्यात गेले. तिथल्या महिला हवालदारांनी सगळं नीट ऐकून घेतलं. कुजबूजही हेडफोन लावून ऐकली, दोनदा. मग म्हणाल्या, "आवाज कोणाचाही म्हणतील, अम्मा. नवरा म्हणेल, बायको कामावर आहे. एकवीस तारखेला ती त्या मजल्यावर होती, हे डोळ्यांना दिसलं पाहिजे. चेहरा आहे?"

चेहरा आहे. तू "काच खाली घे" म्हणण्याआधी नऊ सेकंद काच वर होती. माझ्या हलक्या कॉपीत तिथे चार राखाडी ठिपके आहेत. मूळ चित्र तुझ्या कार्डावर आहे. त्यांना मूळ कार्डच हवं, कापून दिलेला तुकडा नको.

त्याच कार्डावर शॉट ३१ नंतर ती अकरा मिनिटांची क्लिप आहे. कॅमेरा बंद करायचा राहिला, आणि सकाळचं भांडण मिटल्यावर जिन्याखाली आपण दोघी, एकमेकींच्या मिठीत. ती बेळगावला पोचली तर मला घर उरणार नाही, म्हणून मी ५ ऑक्टोबरला तुला कार्ड फॉरमॅट करायला सांगितलं. तू म्हणालीस, "पडद्यावर दोघींना जिवंत ठेवायचं आणि इथे तू मला पुसायला सांगतेस?" मी म्हणाले, हो. त्यावर तू बॅग भरलीस. कार्ड खिशात टाकलंस आणि म्हणालीस, "बघते." काय बघितलंस, मला माहीत नाही.

हवालदारांनी जबाबासाठी विचारलं, "कार्ड ज्यांच्याकडे आहे त्या तुमच्या कोण?" मी म्हणाले, मैत्रीण. त्या लिहायला लागल्या. मी त्यांना थांबवलं आणि काय ते सांगितलं. त्यांनी पेन वर धरलं.

"घरी ठाऊक आहे?"

"नाही."

"मग इथे कशाला सांगता? मैत्रीण चाललं असतं."

"कार्डात दिसेल. मग म्हणाल, ही एकदा खोटं बोलली, बाकीचंही खोटं असेल."

त्यांनी मैत्रीण खोडून दुसरं लिहिलं, आणि माझ्याकडे कागद वळवला, बरोबर आहे का बघायला. मी खाली सही केली, पूर्ण नावाने. बेळगावला काय सांगायचं ते मी सांगेन. त्याची जबाबदारी तुझ्यावर नाही.

हरी शनिवारी, २९ नोव्हेंबरला सकाळी इथे पोचतो आहे. अकरा वाजता आम्ही दोघं तक्रार नोंदवायला जाणार आहोत. यल्लाप्पाला बोलावून घेतील, पण एकदाच. तेव्हा समोर चेहरा ठेवता आला नाही तर तो काहीतरी सांगेल आणि उठून जाईल. मग तो हाही नंबर बदलेल.

कार्ड असेल तर त्यातलं काहीही काढू नकोस. आहे तसं पाठव. तुला यायचं नसेल तर सुचेता पुण्याला येऊन घेऊन जाईल, ती तयार आहे. मी सांगितलं म्हणून तू ते पुसून टाकलं असशील, तर तेही सांग. तो दोष माझा धरीन.

कार्ड आहे की नाही, एवढंच शुक्रवार, २८ नोव्हेंबर, संध्याकाळी सहाच्या आत मला कळव.

अश्लेषा